टेमुरिन जावा ८: जुनं सॉफ्टवेअर परत चालू झालं, पण ३२ बिट की ६४ बिट ते आधी बघा

मी एका छोट्या पतसंस्थेत आहे. पिग्मी, ठेवी, कर्ज, पासबुक प्रिंटिंग सगळं एकाच डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर, २०१५ च्या सुमाराला एका ओळखीच्या डेव्हलपरकडून जावामधे करून घेतलेलं. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि त्यात केलेलं सॉफ्टवेअर चालायला पीसीवर जावा टाकलेलं लागतं; टेमुरिन हे त्याच जावाचं फुकट मिळणारं रूप. फेब्रुवारीत काउंटरचा पीसी बदलला आणि नवीन पीसीवर त्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की काहीच होईना. एरर नाही, विंडो नाही, कर्सर जरा गोल फिरतो आणि गप. संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन बसलेले आणि मी इकडे रीस्टार्ट कर, अँटीव्हायरस बंद कर, सॉफ्टवेअर काढून परत टाक असं करतोय. दोन दिवस नोंदी वहीत केल्या आणि मार्च एंड तोंडावर असताना वहीतल्या नोंदी परत चढवणं म्हणजे काय ते पतसंस्थेतल्या माणसालाच कळेल.

शेवटी भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, डबल क्लिक नको करू, कमांड प्रॉम्प्टमधून चालव, काय म्हणतंय ते तरी कळेल." कमांड प्रॉम्प्ट म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजची काळी विंडो. ही एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जार फाइलवर (जावाच्या सॉफ्टवेअरची फाइल) डबल क्लिक केलं की विंडोज ती जावाडब्ल्यू वापरून उघडतं आणि त्याला काळी विंडो नसते, म्हणून एरर आली तरी आपल्याला दिसतच नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'जावा डॅश जार' आणि पुढे फाइलचं नाव टाकलं तर ढीगभर ओळी आल्या, त्यात पहिलीच ओळ 'जावाएक्स एक्सएमएल बाइंड' मधला क्लास (प्रोग्रामचा एक तुकडा) सापडत नाही अशी. मग 'जावा डॅश व्हर्जन' टाकलं तर २१! पीसी देताना दुकानदाराने लेटेस्ट ते चांगलं म्हणून २१ टाकून दिलेलं आणि आमचं सॉफ्टवेअर ८ वर बनलेलं. ती एक्सएमएलची लायब्ररी जावा ८ मधे आतच असायची, २०१८ ला जावा ११ आलं तेव्हा काढून टाकली. म्हणजे सॉफ्टवेअरमधे काही बिघाड नव्हताच, त्याच्या खालची जमीन बदलली होती.

उलटा प्रकार पण होतो, आमच्याच दुसऱ्या पीसीवर झाला. तिथे जावा ८ होतं आणि एक नवीन रिपोर्टची युटिलिटी उघडेना, तिची एरर होती की क्लास फाइल व्हर्जन ६१ आहे आणि हे जावा ५२ पर्यंतच ओळखतं. याचा हिशोब सोपा आहे, त्या आकड्यातून ४४ वजा करा, ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

तर टेमुरिन. ओरॅकलने एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या पुढच्या अपडेटचं लायसन्स बदललं, घरगुती वापराला फुकट पण धंद्याला पैसे, म्हणून संस्थेच्या पीसीवर ते टाकायची माझी तयारी नव्हती. एक्लिप्स अडॉप्टियम या प्रकल्पाचं टेमुरिन म्हणजे ओपनजेडीकेचंच (जावाचा सगळ्यांना खुला असलेला कोड) बिल्ड, म्हणजे त्यातून तयार केलेली प्रत, ऑफिसात वापरलं तरी फुकट, आणि जावा ८ ला अजून दर तीन महिन्यांनी सिक्युरिटी अपडेट येतात. साइटवर समोर मोठं बटण नवीन व्हर्जनचं असतं, ते दाबू नका, बाकीच्या व्हर्जनमधे जाऊन ८ निवडा, आणि नुसतं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर जेडीके (सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीचा संच) नको, जेआरई (फक्त चालवण्यापुरता भाग) पुरे.

टेमुरिन ८ हे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत मिळतं, पहिल्यांदा मी ६४ बिटवालं टाकलं. सॉफ्टवेअर झटक्यात उघडलं, लॉगिन झालं, लेजर दिसली, खरंच हायसं वाटलं. पण पासबुक प्रिंटला दिलं की परत एरर, यावेळी ३२ बिटची डीएलएल (सॉफ्टवेअरला जोडलेली विंडोजची मदतनीस फाइल) ६४ बिटवर लोड होत नाही म्हणून. पासबुक प्रिंटरशी बोलणारी डीएलएल जुनी ३२ बिटची होती. पीसी ६४ बिट असला तरी जावा ३२ बिट लागतं! टेमुरिन ८ चं ३२ बिट बिल्ड मिळतं, एक्स८६ नावाने, ते टाकल्यावर डॉट मॅट्रिक्सवर पहिली ओळ उमटली आणि सगळं ऑफिस उठून बघायला आलं.

दोन व्हर्जन एकाच पीसीवर सुखाने राहतात, फक्त इन्स्टॉल करताना 'पाथमधे टाका' (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं ती यादी) आणि 'जार फाइल जोडा' हे पर्याय दोन्ही वेळा चालू ठेवले तर डबल क्लिक शेवटी टाकलेल्याकडे जातं आणि परत तोच गोंधळ. मी दोन्ही पर्याय बंद केले आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी छोटी बॅच फाइल केली ज्यात जावा ८ चा पूर्ण पत्ता लिहिलाय, डेस्कटॉपवर तिचाच शॉर्टकट. दुसऱ्या पीसीवर युटिलिटीसाठी १७ टाकून तसंच केलं.

कमी एवढीच की टेमुरिन ८ मधे जावाएफएक्स (जावात स्क्रीन बनवायची लायब्ररी) नाही, तुमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीन त्यात असतील तर हे चालणार नाही, अझुल कंपनीच्या झुलू या जावाचं एफएक्सवालं ८ बघा. आणि टेमुरिन स्वतःहून अपडेट होत नाही, आठवण ठेवून टाकावं लागतं, मी कॅलेंडरवर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर लिहून ठेवलंय. पाचपैकी साडेचार.