ट्राउटच्या गळासाठी तीर्थन की लिद्दर?

दरवर्षी होळीच्या आसपास कोणाचा तरी फोन येतोच. रॉड घेतलाय, सोसायटीच्या मैदानात कास्ट मारून, म्हणजे दोर लांब फेकून हात बसलाय, आता खरा ट्राउट मासा गळाला लावायचाय. सुट्टी आठ दिवसांची. हिमाचलात तीर्थन नदीवर जाऊ की काश्मीरला लिद्दर नदीवर?

पहिलीच खेप असेल तर तीर्थन, हे मी आधीच सांगून टाकतो. याचं कारण माशांपेक्षा पाण्यात जास्त आहे.

मासा तसा दोन्हीकडे एकाच घराण्यातला. ब्राउन ट्राउट मूळचा आपला नाहीच. १८९९ मध्ये ब्रिटनहून काश्मीरला पाठवलेली अंडी वाटेतच वाया गेली, १९०० ची खेप मात्र जगली. तिथून १९०९ मध्ये अंडी कुल्लूकडे नेली आणि बियास व तिच्या उपनद्यांत ट्राउट पसरला. म्हणजे तीर्थनचा मासा लिद्दरच्या माशाचा भाऊबंदच.

तीर्थनला पोचलात की रॉड जोडण्याआधी एक काम करा. गुडघाभर पाण्यात उतरून नारळाएवढा धोंडा उचला आणि उलटा करून बघा. खालच्या ओल्या अंगावर चपट्या अळ्या सैरावैरा पळताना दिसतील. शेपटीला तीन तंतू असतील तर ती बहुधा मेफ्लाय, दोनच असतील तर स्टोनफ्लाय. खडीचे कण चिकटवून केलेली, काडीच्या तुकड्यासारखी नळी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. ट्राउट बाराही महिने यांच्यावरच जगतो आणि तुमच्या डबीतले निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारे नकली किडे, यांचीच नक्कल असतात. स्टोनफ्लायला तर थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणीच लागतं. जिथे मैलापाणी सुटतं तिथे त्याच धोंड्याखाली बुळबुळीत शेवाळ आणि लाल किडे निघतात. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघायची गरज नाही. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर मी जेवढे धोंडे उलटले, त्यातला क्वचितच एखादा रिकामा निघाला.

नदी एवढी धड राहण्याची दोन कारणं. तिचा वरचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येतो, ज्याला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि खोऱ्यात धरण झालं नाही. जलविद्युत प्रकल्प आखले गेले होते, पण बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी ते होऊ दिले नाहीत. डोंगरापलीकडच्या सैंज खोऱ्यात पार्वती-३ हा ५२० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. तिथे नदीचं पाणी बोगद्यात जातं. वेळ असेल तर अर्धा दिवस तिकडेही जाऊन या, मग तीर्थन काय चीज आहे ते कळेल.

नवशिक्यासाठी तीर्थन सोयीची आहे ती अशी: पात्र अरुंद, मध्ये मोठमोठे धोंडे, त्यांच्या आडोशाला छोटे डोह. वीस-पंचवीस फुटांचा कास्ट जमला तरी पुरे. मासे लहान, वीत-दीड वीतचे. फोटोत मिरवायला हातभर मासा हवा असेल तर निराश व्हाल.

लिद्दरचा थाट वेगळा. पात्र रुंद, मासा अंगाने भरलेला. नदीचे बीट, म्हणजे ठरावीक टप्पे, पाडलेले आणि प्रत्येक बीटवर मोजक्याच रॉडना परवाना. त्यामुळे तुमच्या डोहात दुसरा कोणी येऊन दगड मारत नाही. ही शिस्त मला हिमाचलापेक्षा काश्मीरची जास्त आवडते. सोबतच्या गिलींना, म्हणजे मासेमारीच्या वाटाड्यांना, धोंडा न् धोंडा पाठ असतो. पण वारा, लांब कास्ट आणि जोराची धार, या तिन्हींशी एकदम भिडावं लागतं. शिवाय पश्चिम लिद्दर कोलाहोईच्या हिमनदीतून निघते. जून-जुलैत सकाळी दिसणारं काचेसारखं पाणी, वर बर्फ वितळलं की दुपारी ताकासारखं होतं आणि ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा नकली किडा, माशाला दिसतच नाही.

तब्येतीच्या बाबतीत लिद्दरची काळजी वाटते. पहलगामची हॉटेलं, जुलै-ऑगस्टमधली अमरनाथ यात्रा, हा सगळा भार काठावरच आहे. त्यात काश्मीरच्या बऱ्याच ओढ्यांमधून वाळू-खडी उपसली जाते. ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. ती अंडी कित्येक आठवडे खडीतल्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यावर श्वास घेतात. उपशाचा गाळ त्या फटींत बसला की अंडी गुदमरतात, आणि वरून नदी मात्र सुंदरच दिसते. म्हणून लिद्दरला जायचं तर पहलगामच्या वर, आडूच्या बाजूचं बीट मागा.

एक गोष्ट मात्र दोन्ही नद्यांना लागू. ट्राउट पाहुणा आहे, आणि तिथल्या मूळच्या माशाच्या, हिमाचलातल्या गुगलीच्या, ताटात जेवतोय. याची आपल्याला जाण हवी, कारण आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. लोणावळ्याच्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला निळ्या परांचा महाशीर कावेरीत सोडला गेला. तो तिथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. हेतू चांगलाच होता, तरी हे झालं. त्यामुळे गुगली गळाला लागली तर तिला तरी नक्की सोडा. हात आधी पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका.

आता तारखा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी, काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. पावसाळ्यात तीर्थनच्या वाटेला जाऊ नका, २०२३ च्या जुलैतल्या पुरात कुल्लूने काय भोगलं ते आठवा. मार्च ते मे किंवा थेट ऑक्टोबर. लिद्दरसाठी सप्टेंबर. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळ बैसरनला जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर कोणत्या जागा खुल्या, कोणत्या बंद, हे निघायच्या आधी विचारून घ्या. घरच्यांनाही तेच आधी सांगावं लागेल.

प्रवासाचं म्हणाल तर मुंबई-पुण्याहून श्रीनगर सोपं. तीर्थनसाठी दिल्ली किंवा चंदीगडहून रात्रीची मनालीची बस धरा आणि औटचा बोगदा लागायच्या आधी उतरा. कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा. मी एकदाच सांगितलं होतं, आणि पहाटे भुंतरला जागा झालो.