कोटिक्यूल दगडावर वस्तऱ्याची धार: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास निघणारा हा फिकट पिवळा दगड. वापरात आहे तो १५० × ४० मिमीचा तुकडा, खाली पाटीच्या दगडाचा आधार चिकटवलेला, सोबत त्याच जातीचा छोटा घासदगड. नऊ महिन्यांत यावर झोलिंगेन या जर्मन शहरात बनलेले दोन वस्तरे सांभाळले, एकाच्या पात्याची रुंदी ५/८ इंच, दुसऱ्याची ६/८. एका दगडावर सगळं काम होतं हे खरं, पण पाणी कधी आणि किती घालता यावर सारं अवलंबून आहे.

दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म कण असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे, मऊ अभ्रकात रुतलेले. कणांचे कोन बोथट, म्हणून ओरखडा उथळ पडतो. त्यामुळे कृत्रिम दगडांसारखा ग्रिटचा (कणांच्या बारीकपणाचा) आकडा इथे लावू नका. विक्रेते सांगतात तो अंदाज असतो आणि थराथरात फरक पडतो.

सहाणेवर चंदन उगाळतो तसा छोटा दगड मोठ्यावर थोड्या पाण्यात फिरवला की दुधासारखी स्लरी तयार होते. यात सुटे कण पोलाद झपाट्याने खातात. पण पात्याची कड त्याच कणांवर आदळत पुढे जाते, म्हणून स्लरीवर धार एका मर्यादेपुढे जातच नाही. उलट नुसत्या पाण्यावर दगड फार सावकाश कापतो, पण कड स्वच्छ ठेवतो. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजेच धार लावणं.

सुरुवातीला पात्याची कड काचेच्या ग्लासच्या तळावरून एकदाच, अगदी हलकी ओढून मुद्दाम बोथट करावी. मग दाट दुधाएवढी स्लरी करून, पात्याची पाठ (जाड बाजू) आणि कड दोन्ही दगडाला टेकवून, एका बाजूने ३० वेळा पुढे-मागे, बाजू पालटून पुन्हा ३०. पांढरी स्लरी करडी होते, ते पोलाद. मनगटावरचे केस कातडीलगत, पात्याच्या टाचेपासून (मुठीकडच्या भागापासून) टोकापर्यंत सगळीकडे सारखे कापले जाईपर्यंत पुढे जायचंच नाही. सर्वांत जास्त धारा इथल्या घाईने वाया जातात, पुढे कितीही पाणी घाला.

आता बोट बुडवून दोन थेंब पाणी, मग दोन्ही बाजूंनी २०-२० घासे, हलक्या हाताने. पुन्हा दोन थेंब. असे दहा-बारा फेरे झाले की दगडावर जवळजवळ नितळ पाणी उरतं. कडेपुढे पाण्याची बारीक लाट सरकताना दिसते आणि पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं लागतं. मग दगड नळाखाली धुऊन, नुसत्या पाण्यावर ५० तिरके घासे, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावर. ४० मिमी रुंदीवर तिरकं ओढावंच लागतं, नाहीतर टाच किंवा टोक कोरडं राहतं.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: उन्हाळ्यात पंख्याखाली बसलात तर पाणी उडून जातं, स्लरी दाटत जाते आणि पातळ करण्याचे सगळे श्रम उलटे फिरतात. पंखा बंद करा. दगड बुडवून ठेवायची गरज नाही, तेलही लावू नका.

दाढी करताना ओढ जाणवली तर बहुधा शेवटचा पाण्याचा टप्पा अपुरा झालेला असतो. स्लरी न करता ५० घासे अजून द्या. तरीही ओढतोय, तर कड मुळात बसलीच नव्हती. पाठीला टेपचा एक थर लावून, पातळ स्लरीवर थोडे घासे मारून शेवट पाण्यावर करणं हा सोपा मार्ग आहे, आणि नवख्याला तोच सुचवेन. टेपमुळे कोन जेमतेम एका अंशाने वाढतो, पण कण नेमके कडेवर काम करतात.

कडेला खाच पडली असेल तर हा दगड त्रास देईल. ते काम १००० ग्रिटच्या दगडाचं.

धार लावल्यावर आधी जाड कापडी पट्ट्यावर ३० फेऱ्या, मग चामड्यावर ६०, पाठ पुढे ठेवून. साधारण आठ-दहा आठवड्यांनी पाण्यावरचे ५० घासे पुरतात. पुन्हा स्लरी या नऊ महिन्यांत एकदाच लागली. दगड मधोमध झिजतो का हे पेन्सिलच्या जाळीने पाहून, काचेवर ठेवलेल्या ४०० ग्रिटच्या पॉलिश पेपरवर सपाट करावा, कडा थोड्या गोल कराव्यात. पावसाळ्यात पातं कोरडं पुसून त्यावर एक थेंब खनिज तेल फिरवा. कार्बन स्टीलला कडेवरच पहिला गंज लागतो.