रेव्हलस्टोकच्या डोंगरात स्नोबाईक: स्लेडच्या जोडीनं हंगामभर वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. दाट झाडी, तिरके उतार आणि अरुंद नाळा (घळी) यांतच तुमचा दिवस जात असेल तर स्नोबाईक घ्या, म्हणजे चाकं काढून पुढे एक स्की आणि मागे फिरता पट्टा (ट्रॅक) बसवलेली मोटरसायकल. लांबचा पल्ला, वरचे कटोऱ्यासारखे मोकळे उतार आणि कमरेएवढा ताजा बर्फ हवा असेल तर पुढे दोन स्की असलेली स्नोमोबाईल, म्हणजे इथल्या बोलीत स्लेड. दोन्हींपैकी एकच परवडत असेल आणि गॅरेजमध्ये हात काळे करायची हौस नसेल, तर स्लेडच. स्नोबाईक चालवायला सोपी आहे, सांभाळायला नाही. विकणारे पहिला भाग रंगवून सांगतात, दुसऱ्यावर फारसं बोलत नाहीत.

गुलमर्ग किंवा सोलंगला पर्यटकांना फिरवतात ती स्नो स्कूटर डोळ्यांसमोर आणू नका. ती सपाटीवरची फेरी. इथे विषय आहे ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकचा. बोल्डर माउंटन, फ्रिस्बी रिज, थोडं पश्चिमेला सिकामूसचा भाग. गाव जेमतेम 480 मीटर उंचीवर, पण गाडी चालवायची ती 1500 ते 2200 मीटरांत. बर्फाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: 1971-72 च्या हिवाळ्यात गावाजवळच्या माउंट कोपलँडवर 2447 सेंमी हिमवर्षाव नोंदला गेला आणि कॅनडातला तो विक्रम आहे.

तुलना आहे ती 450 सीसी मोटोक्रॉस (मातीतल्या शर्यतींची) बाईक अधिक 137 इंची पट्ट्याचं किट, आणि 165 इंची पट्ट्याची 850 सीसी टू-स्ट्रोक माउंटन स्लेड यांची. बाईक केटीएम, यामाहा, होंडा कोणाचीही चालते. (केटीएम म्हटलं की आपल्याकडे चाकणला बनणारी ड्यूक आठवते. 450 एसएक्स-एफ या मोटोक्रॉस बाईकशी तिचं नातं रंगापुरतंच.) किटमध्ये टिंबरस्लेड हे नाव सर्वांत रुळलेलं. आयडाहोतल्या सँडपॉइंटला सुरू झालेली ही कंपनी 2015 मध्ये पोलारिसनं घेतली. कॅनडात यतीची किटंही दिसतात.

जाहिरातीत बाईक हलकी म्हणून जास्त तरंगते असं सुचवतात. जरा आकडेमोड करा. पेट्रोल भरलेली स्नोबाईक 150 किलोच्या आसपास, स्लेड 235. दोन्हीवर 90 किलोचा सामानासकट स्वार धरा: 240 आणि 325. बाईकचा पट्टा साधारण 11 इंच रुंद, स्लेडचा 15. लांबी-रुंदीचा गुणाकार करून वजनाला भागलं तर बाईकचा बर्फावरचा दाब स्लेडपेक्षा वीसेक टक्के जास्तच निघतो. ताकदीत तर फरक फारच मोठा आहे. बाईक 55-60 अश्वशक्ती, स्लेड 165. म्हणजे वजनाच्या हिशेबात स्लेडकडे दुप्पट जोर. शिवाय दर 300 मीटरला दोघींचीही सुमारे 3 टक्के ताकद विरळ हवेत जाते, आणि मुळात ज्याच्याकडे कमी त्यालाच ते बोचतं. त्यामुळे रात्रभरात 60-70 सेंमी पडलेल्या कोरड्या बर्फात, कमी उताराच्या माळावर, बाईक खंदक खणत बसते. स्लेड त्याच जागी थ्रॉटलवर अंगठा दाबला की निघून जाते.

मग बाईक घ्यायचीच कशाला? तिरक्या उतारासाठी. स्लेड उतारावर आडवी न्यायची म्हणजे वरच्या बाजूच्या फूटबोर्डवर सगळं वजन, हँडल उताराच्या दिशेला वळवलेलं, वरच्या स्कीवर गाडी पेललेली आणि अंगठ्यावर सतत बारीक ताबा. हे अंगवळणी पडायला चांगल्या माणसालाही एक-दोन हिवाळे जातात, आणि चुकलात की गाडी खालच्या झाडाकडे घरंगळते. बाईक नुसती डोंगराकडे झुकवा. अरुंद पट्ट्याची कड आपोआप बर्फात बसते आणि गाडी रेघ ओढल्यासारखी पुढे जाते. मोटरसायकल येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी जमतं. स्प्रूसच्या दोन खोडांमध्ये हँडलबारला जागा असली की बाईक जाते. स्लेडला तिथे स्कींच्या मधलं अंतर आडवं येतं. सोंडेवरून उतरणाऱ्या अरुंद नाळेत शिरून मधेच वळून परत वर येणं बाईकवर शक्य आहे, स्लेडवर तो उद्योग निवडक लोकांनीच करावा.

रुतण्याचा प्रकारही वेगळा. स्लेड रुतली की फावडं काढा, पुढचा बर्फ तुडवा, स्कीला दोर बांधून दुसऱ्यानं ओढा. इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स असल्यानं सपाटीवर बऱ्याचदा मागे येऊन सुटका होते. बाईकला रिव्हर्स नाही. ती स्वतःच्याच खंदकात सरळ उभी राहते, स्टँड लागत नाही हा एक फायदा. सोडवायची रीत अशी: इंजिन बंद, गाडी उताराच्या बाजूला आडवी पाडायची, मागचा भाग उचलून तिचं तोंड खाली फिरवायचं, खंदक पायानं बुजवायचा, गाडी उभी करून दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडत खाली निघायचं. एकट्यानं पाच मिनिटांत होतं. क्लच अर्धवट धरून रेस देत बसू नका. पट्टा आणखी खोल जातो आणि प्लेटा जळतात. थांबल्यावर पट्ट्याला बर्फ चिकटून गोठतो, तेव्हा निघण्याआधी गाडी पुढे-मागे हलवून मोकळी करावी. क्लचच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे आहे.

पार्किंगपासून वरच्या भागापर्यंतचा यंत्रानं सपाट केलेला रस्ता हा बाईकचा सर्वांत कंटाळवाणा भाग. स्लेडच्या स्कींनी पाडलेल्या चरांमध्ये बाईकची एकुलती स्की अडकते आणि पुढचं तोंड डावी-उजवीकडे हुंदडतं. हँडल घट्ट धरलं तर जास्तच. सैल धरा, वजन थोडं मागे, वेग बेताचा. पुढे ब्रेक नसतो. ट्रॅकच्या शाफ्टवरची एकच डिस्क, बाकी काम इंजिन ब्रेकिंगचं, म्हणून परतीच्या बर्फाळ उतारावर खालचाच गिअर ठेवा.

पेट्रोलचं गणित घरूनच मांडून निघा. मोटोक्रॉस बाईकची टाकी 7 लिटरच्या आसपास, खोल बर्फात ती 40-50 किमीत संपते. किटवर मागे जास्तीचा कॅन बांधायची सोय घेतलीच पाहिजे. स्लेडमध्ये 36 ते 44 लिटर मावतं. ती पितेही दुपटीनं, तरी दिवस निघतो.

आता मुख्य दुखणं. मोटोक्रॉस इंजिन उन्हाळ्यात चिखलात तापण्यासाठी बनवलेलं असतं. बहुतेकांना थर्मोस्टॅट नसतो, कूलंट सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं. उणे 15-20 अंशांत, त्यात रेडिएटरवर सतत बर्फ उडत असताना, इंजिन धड गरमच होत नाही. सिलिंडरमधून गळून आलेली वाफ आणि पेट्रोल क्रँककेसमधून उडून जात नाही, ते तेलातच मुरतं. ऑईलच्या काचेत रंग दुधाच्या चहासारखा दिसला की समजा तेल गेलं. उपाय म्हणजे बायपास असलेला थर्मोस्टॅट कूलंटच्या नळीत बसवणं, एका रेडिएटरवर झाकण, आणि इंजिनभोवती उष्णतारोधक कापडी जॅकेट. हँडलवर तापमानाचा मीटर लावाच. काटा 75 ते 95 अंशांत राहायला हवा. मार्च-एप्रिलच्या ओल्या बर्फात मात्र झाकण काढावं लागतं, नाहीतर हळू चढणीत कूलंट उकळतं. तेल हलकं, 0डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-40, आणि दर 8-10 तासांनी बदल. कूलंट निम्मं-निम्मं मिश्रण केलं की उणे 35 पर्यंत चिंता नाही.

दुसरं दुखणं ब्रीदर पाईपचं. क्रँककेसमधली दमट हवा बाहेर सोडणारी नळी खाली लोंबत असते. तिच्या टोकाशी दव गोठतं आणि बूच बसतं. आतला दाब वाढला की तेल सीलमधून बाहेर पडतं, बहुधा पुढच्या स्प्रॉकेटच्या मागच्या सीलमधून. काहीही न आपटता बाईकखाली तेलाचा डाग दिसला तर आधी ही नळी तपासा, सील बदलायला नंतर घ्या. नळी इंजिनाला चिकटून, उबेतून फिरवायची आणि इंजिनालगत तिला एक जास्तीचं तोंड द्यायचं. टोक गोठलं तरी हवा तिथून सुटते.

तिसरं, हवेचा मार्ग. एअरबॉक्स सीटखाली, म्हणजे नेमका पट्टा बर्फ उडवतो तिथे. उन्हाळ्यातला तेल लावलेला फोम फिल्टर बर्फानं लिंपून गोठतो आणि गाडी गुदमरते. फोम काढून जाळीचा कोरडा फिल्टर बसवा, बाजूच्या फटी बंद करा, हवा टाकीजवळून वरून घ्या. थ्रॉटल बॉडीत ओलसर हवा जाऊन बर्फ धरला तर थ्रॉटल अर्धवट उघडा अडकू शकतो. म्हणून मनगटाला दोरीनं जोडलेला, इंजिन बंद करणारा किल स्विच हवाच. बऱ्याच स्लेडना तो कंपनीकडूनच येतो, बाईकला स्वतः लावावा लागतो.

गिअर लिव्हरखाली बर्फ ठासून बसला की गिअर खाली पडत नाही, मागच्या ब्रेकचं पेडल गोठलं की ब्रेक सुटत नाही आणि डिस्क तापते. दर थांब्याला बुटाच्या टाचेनं दोन्ही मोकळी करायची सवय लावा. गरम ग्रिप हवे असतील तर आधी स्टेटर, म्हणजे इंजिनातला वीज बनवणारा भाग, किती वॉट देतो ते पाहा. मोटोक्रॉस बाईकचा अपुरा पडतो, एंड्युरो (लांब पल्ल्याच्या रानवाटांच्या) मॉडेलचा पुरतो. लिथियम बॅटरी गारठलेली असताना पहिल्या दाबाला इंजिन फिरवत नाही. थोडा वेळ थांबून दोन-तीनदा प्रयत्न केला की आतून गरम होऊन जागी होते. थंडगार बॅटरी लगेच बाद समजू नका.

किट बसवणं कठीण नाही. मागचं चाक, स्विंगआर्म आणि शॉक काढायचा. किटची चौकट स्विंगआर्मच्याच पिव्हटवर बसते, शॉकच्या जागी स्ट्रट, म्हणजे आधाराचा दांडा. बाईकची चेन जॅकशाफ्टला (मधल्या शाफ्टला), तिथून दुसरी चेन पट्ट्याच्या शाफ्टला. मागच्या ब्रेकची नळी नव्या कॅलिपरपर्यंत न्यायची, पुढच्या एक्सलच्या जागी स्कीचा स्पिंडल. पहिल्या वेळी अख्खा दिवस धरा. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर पिव्हटचा बोल्ट, दोन्ही चेनींचा ताण आणि पट्ट्याचा ताण परत तपासा. पट्टा ढिला असेल तर ब्रेक मारताना आतले दात उडी मारतात आणि कडकड आवाज येतो. फार आवळला तर बेअरिंग जातात आणि ताकदही खातो. उंचीवर 137 इंची पट्टा जड वाटला तर पुढच्या स्प्रॉकेटला एक दात कमी करा, फरक लगेच कळतो.

लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे पट्ट्याच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली जाईल ते अडवणारी फीत, हा सेटिंगमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग. तो आखूड केला की स्कीवर भार येतो आणि वळण धरतं. लांब केला की चढणीवर तोंड उचलतं. पुढे स्कीचं ओझं असल्यानं फोर्कला एक-दोन पायऱ्या कडक स्प्रिंग लागतात. हवेचा फोर्क असेल तर दाब उबदार गॅरेजमध्ये भरू नका. अधिक 20 वरून उणे 20 ला आलं की निव्वळ भौतिकशास्त्रानं दाब सुमारे 14 टक्क्यांनी घटतो. गाडी अर्धा तास बाहेर ठेवा, मग पंप लावा.

स्लेडची देखभाल त्या मानानं किरकोळ. जास्तीचा ड्राइव्ह बेल्ट आणि टू-स्ट्रोक ऑईल सोबत असलं की झालं. कडक रस्त्यावर दोघींनाही स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून पट्ट्यावर उडवणारे काटे, हवेत. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना, म्हणजे हायफॅक्सला, उडणारा बर्फच वंगण असतो. तो नसेल तर त्या वितळतात. स्लेडचं कूलंटही त्याच उडत्या बर्फानं थंड होतं.

हिमस्खलनाच्या बाबतीत बाईक जास्त फसवी, हे माझं ठाम मत. जिथे स्लेडवाला आपसूक मागे फिरतो अशा नाळांत आणि झाडीतल्या तीव्र उतारांत ती सहज घेऊन जाते, आणि नाळेत थोडा बर्फ सुटला तरी तो खोल साचतो. बोल्डर माउंटनवर 13 मार्च 2010 रोजी मोठं हिमस्खलन होऊन जमलेल्या स्लेडवाल्यांपैकी दोघांचा जीव गेला. हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या अवॅलांच कॅनडा या संस्थेचं कार्यालय रेव्हलस्टोकलाच आहे, त्यांचं रोजचं पत्रक वाचूनच निघा. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारा संदेशयंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अंगावर, गाडीवर कधीच नाही. गाडलेला माणूस 10-15 मिनिटांत बाहेर काढता आला तरच आशा मोठी असते, आणि तेवढ्यात गाडी सापडेलच असं नाही. बीकन प्रक्षेपणावर असताना फोन आणि गरम कपड्यांच्या तारांपासून 20 सेंमी, शोधताना 50 सेंमी दूर. उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीचे सुरक्षित जागी. रुतलेल्याला मदत म्हणून दुसऱ्यानं त्याच उतारावर चढू नये. मिश्र गटात एक तरी स्लेड असावी. जखमी माणूस किंवा बंद पडलेली गाडी बाईकनं ओढून आणणं जवळपास अशक्य.

कागदपत्रांत दोघींना एकच नियम. ब्रिटिश कोलंबियात सरकारी जमिनीवर चालवायची तर नोव्हेंबर 2015 पासून नोंदणी आणि नंबर सक्तीचा आहे. कॅरिबूंसाठी (इथल्या रानटी रेनडिअरसाठी) बंद केलेले भाग नकाशावर आधी पाहून ठेवा. बाईक लहान आहे म्हणून सवलत नाही.

खर्चाचं बोलायचं तर नवी 450 आणि नवं किट मिळून रक्कम नव्या 850 स्लेडच्या जवळ पोचते. स्वस्त पडते ती फक्त बाईक आधीच दारात असेल तर. उन्हाळ्यात चाकं लावून चालवता येते हे खरं, पण मग इंजिनाचे तास दोन्हीकडून चढतात, आणि 450 चा पिस्टन वापरानुसार 50 ते 100 तासांत बदलायचा असतो. जुनं किट घेताना पट्ट्याच्या आतले दात, जॅकशाफ्टचे बेअरिंग, रेल्सवरच्या वेल्डिंगलगतच्या भेगा आणि स्कीखालचे कार्बाइड (कठीण धातूच्या धारा) पाहा. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे दुकानात फोन करून विचारा, विकणाऱ्याला नव्हे. जुन्या बाईकला तास मोजणारा मीटर नसेल तर पिस्टन, टायमिंग चेन आणि व्हॉल्व्हच्या कामाचा खर्च वजा करूनच भाव सांगा.