खोकं खरं, बिल खरं, कॅमेरा भलताच

जुना कॅमेरा घेताना फसलो. ७१,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" असं कुणी मध्येच विचारायला नको. २,००० यूपीआयने, ६९,५०० रोख. वर पाव किलो कुंदा. तोही मीच बेळगावहून नेलेला, माणूस लांबून येतोय म्हणून.

ओटीपी सांगितला, जवान असल्याचं भासवून कुणी क्यूआर कोड पाठवला, त्यातला हा प्रकार नव्हे. ते सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. इथे माणूस समोर बसला होता, कॅमेरा हातात होता, फोटो निघत होते. आणि भाव स्वस्तही नव्हता. निकॉन डी७५० ची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तेव्हा ४५-४८ हजारांत आणि २४-१२० एफ/४ लेन्स पंचविसाच्या आसपास मिळत होती. दोन्हीचे मिळून ७१,५०० म्हणजे बाजारभावच. "स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळला" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हे आधी लिहून ठेवावं.

हाच कॅमेरा का? निकॉन डी७५० आला २०१४ साली. फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, दोन एसडी कार्डांची सोय, आणि आयएसओ ६४०० ला गणपतीची रात्रीची मिरवणूक स्वच्छ निघते. तेवढ्याच ताकदीचा नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, लेन्ससकट घ्यायचा तर दीड-दोन लाख बाजूला काढावे लागतात. हौशी माणसाने जुना डीएसएलआर घेण्यात मूर्खपणा नाही, हे फसल्यावरही म्हणतो. मूर्खपणा पुढे आहे.

डी७५० हा लग्नवाल्यांचा घाण्याचा बैल होता. ते सगळे आता मिररलेसवर गेले आणि हे बैल बाजारात आले. हिशेब करा. एका लग्नाला हळदीपासून वरातीपर्यंत दोन हजार फ्रेम सहज पडतात. वर्षाला ४५ लग्नं धरली तर ९० हजार. कंपनी या शटरची चाचणी घेते दीड लाख उघडझापींची. म्हणजे दोन सीझन संपता संपता बैल म्हातारा. त्यापुढे शटर चालतंही, तीन-तीन लाखांपर्यंत चाललेले आहेत, पण तो नशिबाचा भाग, आणि नशिबाला कुणी बाजारभाव देत नाही. व्हिडिओचे तास तर या आकड्यात धरलेच जात नाहीत, कारण रेकॉर्डिंग चालू असताना शटर उघडंच असतं.

म्हणून मी शटर काउंट मागितला, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा. एवढी अक्कल होती. डी७५० च्या मेनूत एकूण आकडा कुठेही दिसत नाही. तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये, एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत लिहिलेला असतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो पुसला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहतो. मी डॉक्युमेंट म्हणूनच मागवला. आदल्या रात्री फाइल आली, एक्झिफटूलमध्ये उघडली : डी७५०, शटर काउंट १४,२१२. मी खूष. (फाइलच्या नावातला डीएससीच्या पुढचा चार आकडी नंबर म्हणजे काउंट नव्हे. तो ९९९९ झाला की पुन्हा १ वर येतो. तो दाखवून विकणारे वेगळेच.)

त्याच फाइलमध्ये लेन्सच्या रकान्यात लिहिलं होतं ५० एमएम एफ/१.८.

आणि त्याच दिवशी दुपारी फोनवर गडी म्हणाला होता, "अण्णा, घरचा कॅमेरा हाय. बारशाला, वाढदिवसाला काढलेला. ही २४-१२० एकच लेन्स, दुसरी कधी लावलीच न्हाई बघा."

मी दोन्ही ऐकलं आणि वाचलं. दोन्ही एकत्र ठेवून बघितलं नाही. मित्राची लेन्स लावली असेल एखाद्या वेळी, असं उत्तर त्याच्या वतीने मीच मला देऊन टाकलं. विकणाऱ्याला आणखी एक खोटं बोलायचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या हायवेवरच्या एका हॉटेलात भेटलो. सहा वाजून गेलेले, बाहेर श्रावणाची भुरभुर, आत ट्यूबलाइट. कॅमेऱ्याला खाली बॅटरी ग्रिप, म्हणजे जादा बॅटरीचा जोड, चढवलेली. "ही फुकट ठेवा." डी७५० चा सीरियल नंबर असतो बॉडीच्या तळाला, आणि ग्रिप तळालाच बसते. फुकट का, ते आता कळलं. ग्रिप काढायला अर्धं मिनिट लागतं. एक चाकी फिरवायची. मी बिलावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. आकडा न् आकडा जुळला. खोक्याशी बिल जुळवलं आणि ७१,५०० चा कॅमेरा घेतला! खोकं, बिल आणि ती नमुना फाइल, तिन्ही एकाच खऱ्याखुऱ्या, कमी वापरलेल्या कॅमेऱ्याची. तो कॅमेरा टेबलावर नव्हताच.

माझं कार्ड घालून वीसेक फोटो काढले. सगळे १/१२५ सेकंदाला, कारण आतला उजेडच तेवढा. दमलेलं शटर १/१२५ ला बोलत नाही. त्याला बोलतं करायचं तर दिवसा पांढऱ्या भिंतीवर किंवा ढगाळ आभाळावर १/४०००, १/२०००, १/१००० ला दहा-दहा फ्रेम घ्या आणि सलग बघा. एका कडेला काळपट पट्टा येतो का, की एखादीच फ्रेम अधूनमधून गडद पडते? मग फ्लॅश लावून १/२०० ला घ्या. पडदा वेळेवर हटत नसेल तर कडेला काळी पट्टी उमटते. व्यवहार दिवसा करा हे म्हणूनच सांगतो, चोरांच्या भीतीने नव्हे.

सेटअप मेनूत बॅटरी इन्फो उघडलं होतं. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ मध्ये दाखवतात. ० नवी, ४ म्हणजे बदला. इथे ३ होतं. घरच्या बारशांनी बॅटरी तीनवर जात नाही. त्याच मेनूत कॉपीराइट इन्फर्मेशन नावाची ओळ असते, ती मात्र उघडली नाही. घरी उघडली तेव्हा आत एका डिजिटल स्टुडिओचं नाव टाइप केलेलं. पुसायचंही भान नव्हतं त्यांना, आणि मला बघायचं.

वरच्या हॉट शूचा, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेचा, रंग खरवडून पितळ दिसत होतं, म्हणजे फ्लॅश रोज चढ-उतर. उजवीकडची रबर ग्रिप फुगलेली, पुन्हा चिकटवलेली. दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड घातलंच नाही. तो मेलेला निघाला. स्क्रीन वर-खाली करून झगमगते का, तेही बघा. आतली पट्टी केबल तिथेच तुटते.

लेन्सचं वेगळंच. आपल्याकडे खानापूर, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यात चार महिने पाऊस. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल नसेल तर बुरशी ठरलेली. हिच्यासारख्या जी प्रकारच्या लेन्सची आतली, उजेड कमी-जास्त करणारी पाती, लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर मिटलेली असतात. मागच्या बाजूला एक छोटी दांडी असते, ती नखाने सरकवून धरा म्हणजे पाती उघडतील. मग समोरून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि मागून बघा, एकदा २४ ला, एकदा १२० ला. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की उठून चालू लागा. मी ट्यूबलाइटकडे लेन्स धरून "स्वच्छ आहे" म्हणालो. पाती मिटलेली असताना दिसणार काय, कपाळ?

पैसे रोख का दिले? "अण्णा, आज लिमिट संपलंय, उद्या गावाकडं भरायचेत." गणपती आठ दिवसांवर आलेले, मी एटीएममधून काढूनच नेले होते. पावती नाही.

दोन दिवसांनी सगळे फोटो संगणकावर घेतले. काउंट २,८७,४०६. मग ग्रिप काढली. तळाचा नंबर खोक्यापेक्षा वेगळा. फोटोच्या फाइलमध्येही सीरियल नंबर असतो, माझ्या फोटोंमधला तोही वेगळा. म्हणजे आदल्या रात्री माझ्याकडे जी फाइल आली होती तिच्यातला नंबर मी कागदावर लिहून घेतला असता आणि हॉटेलात कॅमेरा उलटा करून बघितला असता, तर काम तिथेच संपलं असतं. इतकंच करायचं होतं. फाइलमधला नंबर आणि तळाचा नंबर. खोक्याला आणि बिलाला हातसुद्धा लावू नका.

फोन अर्थातच बंद. विसर्जनाच्या रात्री, दोनशे-अडीचशे फ्रेम झाल्यावर, वरच्या पट्टीवर एरर लुकलुकायला लागलं. शटरचं बटण पुन्हा दाबलं की एखादी फ्रेम निघायची, मग तेही बंद. दुरुस्तीवाल्याने शटर युनिट मजुरीसह १४,८०० सांगितले, लेन्सची बुरशी काढायला ३,५००, आणि "काचेचा थर खाल्ला असेल तर डाग जाणार नाही" हे आधीच. पार्टसाठी म्हणून विकायचा तर सगळ्याचे मिळून १८,०००.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. वस्तू मिळाली ना, मग हा सायबर फ्रॉड नाही. फार तर २,००० ची नोंद होईल. जवळच्या ठाण्यात गेलो. मराठीतला अर्ज बघून, "कन्नडात आणा." मला कन्नड बोलता येतं, असा अर्ज लिहिता येत नाही. बाहेरच्या टायपिस्टला १५० रुपये दिले. अर्ज नेल्यावर, व्यवहार आमच्या हद्दीत झाला नाही, हायवेच्या ठाण्यात जा. तिथे गेलो, तर मोबाइल नंबर महाराष्ट्रातला, पलीकडे जा. पलीकडे गेलो तर साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे मराठीत करून आणा." तेही केलं, तो पहिला अर्ज घडी घालून खिशातच होता. मग वाचून म्हणाले, गुन्हा कर्नाटकात घडलाय, आम्ही कसा घेणार? एवढ्या वर्षांत सीमाप्रश्नावर दोन राज्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ १ जुलै २०२४ पासून लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. दोन्हींची प्रत काढून नेली. ती बाजूला सारून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आला : "तुम्ही चेक करूनच घेतला ना?" या प्रश्नाला उत्तर नाही. हो म्हटलं तर तक्रार कसली, नाही म्हटलं तर दोष माझा. रोख रकमेचा पुरावा विचारला, माझ्याकडे एटीएमच्या चिठ्ठ्या. पैसे काढल्याचं सिद्ध होतं, दिल्याचं नाही. सहा फेऱ्यांनंतर हातात हिंबरह, म्हणजे पोलिसांचं लेखी उत्तर, पडलं : प्रकरण दिवाणी स्वरूपाचं, कोर्टात जावे. ज्याचं खरं नाव माहीत नाही त्याच्यावर दिवाणी दावा कसा लावतात, ते त्या कागदात लिहिलेलं नाही. यूपीआयवरचं नाव एका बाईचं होतं. निदान त्या खात्यामागचा माणूस शोधा म्हटलं, तर "दोन हजारासाठी?"

ग्राहक आयोगाकडे जाऊ म्हटलं, तर वकिलांनी सांगितलं की विकणारा दुकानदार नव्हे, खासगी माणूस. तिथे टिकणार नाही.   तेव्हा रक्कम सगळी यूपीआयने किंवा बँकेतून द्या, दहा-दहा हजारांचे तुकडे पाडून का होईना, आणि देताना शेऱ्यात कॅमेऱ्याचा सीरियल नंबर टाका. लिमिट संपलं म्हणाला तर उद्या भेटू म्हणा. गणपती दर वर्षी येतात.

गेल्या आठवड्यात खानापूरच्या एका ओळखीच्या पोराने विचारलं, डी७५० बघतोय, शटर चौदा हजार, ग्रिप फुकट, घेऊ का? फाइल मागवायला सांगितली. आली. लेन्स ५० एमएम एफ/१.८, काउंट १४,२१२. दोन महिन्यांत त्या कॅमेऱ्याने एकही फोटो काढलेला नाही. भाव या वेळी ६९,००० सांगितलाय.