टी-बीम ट्रॅकर ग्लायडरमध्ये: कारच्या सेटिंगवर उडवू नका

टी-बीम म्हणजे जीपीएसवरून आपलं ठिकाण रेडिओने कळवणारा छोटा बोर्ड; ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) कुठे आहे ते त्यामुळे इंटरनेटच्या नकाशावर दिसतं. घ्यायचे तर दोन घ्या. एक ग्लायडरमध्ये, दुसरा जमिनीवर वाय-फायला जोडून आय-गेट (रेडिओवर आलेली ठिकाणं इंटरनेटवर टाकणारं स्टेशन) म्हणून. नागपूरच्या टप्प्यात दुसऱ्या हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) लोरा (कमी शक्तीत लांब पोचणारी रेडिओ पद्धत) आय-गेट चालू असेलच, हे धरून चालू नका. हॅम परवाना तर हवाच, आणि विमानातून प्रक्षेपणाबाबत त्याच्या अटी आधी वाचा.

फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) ४३३.७७५ मेगाहर्ट्झ भरलेलं असतं. तो युरोपचा आकडा. आपल्या हॅमना ४३४ ते ४३८ मिळालेत. दोन्ही बोर्डांवर बदला, एकावरच बदललं तर नकाशा कोराच राहतो.

खरा घोळ स्मार्ट बीकनचा, म्हणजे ठिकाण कधी पाठवायचं ते आपोआप ठरवणाऱ्या सेटिंगचा. कार वळली की ठिकाणाचं पॅकेट सोडायचं, हा त्याचा हिशेब. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) ग्लायडर वीस-पंचवीस सेकंदांत एक गिरकी घेतो, म्हणजे तो सतत वळतच असतो. एसएफ १२ वर (लोराच्या सर्वांत सावकाश, लांब पोचणाऱ्या सेटिंगवर) एक पॅकेट अडीच सेकंद हवा अडवतं. दोन ग्लायडर एकाच थर्मलमध्ये असले की चॅनेलचा बट्ट्याबोळ. स्मार्ट बीकन बंद करून ३० सेकंदांचा ठराविक अंतराल ठेवा. ताशी ९० किमी वेगाने दोन ठिपक्यांत ७५० मीटर पडतात, तेवढं पुरे. डिजी-पाथ (इतर स्टेशनांकडून पॅकेट पुढे पाठवण्याचा मार्ग) रिकामा, १००० मीटरवरून सव्वाशे किमी तसेच दिसतात. नकाशावरचं चिन्ह ग्लायडरचं, ‘/g’; एसएसआयडी (कॉलसाइनमागचा आकडा) ११.

अँटेना न लावता चालू केला तर ट्रान्समीटर जळू शकतो. बोर्डासोबतच्या आखूड अँटेनाऐवजी १७ सेमीची पाव-तरंग दांडी उभी लावा, होकायंत्रापासून दूर. लाकडी किंवा फायबरग्लासच्या धडातून सिग्नल जातो, कार्बनमधून नाही.

१८६५० सेल (बोर्डाची लिथियम बॅटरी) नागपुरात बर्डीवर मिळेल, पण प्रोटेक्शनवाला (आत सुरक्षा-सर्किट असलेला) नको: तो लांब असतो, खाचेत बसत नाही. उलटा घातला की बोर्ड गेला. मे महिन्यात कॅनोपीखाली (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखाली) उन्हात ठेवू नका. ४५ अंशांवर लिथियम चार्ज करायचाच नसतो.

धडक टाळायला याचा शून्य उपयोग. शोधायला मात्र उत्तम. शेतात उतरला की सिग्नल बहुधा तुटतो, हाती राहतो हवेतला शेवटचा ठिपका. त्यात उंची म्हणून ‘००१६५०’ दिसलं तर ते फूट आहेत, समुद्रसपाटीपासून. म्हणजे ५०३ मीटर; नागपूरची जमीन सुमारे ३१०, उरले १९०. वीस पट घसरण (एक मीटर उतरताना वीस मीटर पुढे) धरली तर ठिपक्यापासून चार किमीच्या आत ग्लायडर आणायचा ट्रेलर फिरवा.