फॉर्च्युनरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल आणि फिल्टर: उद्यमनगरातील गॅरेजचा अनुभव

आमची फॉर्च्युनर 2015 सालची, 3 लिटर डिझेल इंजिनाची, 5 गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आणि फोर व्हील ड्राइव्हची आहे. गेल्या महिन्यात तिने 1,12,000 किलोमीटरचा टप्पा ओलांडला, आणि तोवर तिच्या गिअरबॉक्सच्या ऑईलला कोणी हात लावलेला नव्हता. हा हलगर्जीपणा माझा खरा, पण एकट्या माझा नाही. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेमाने जात होती तेथे मी दोनदा चौकशी केली होती, आणि दोन्ही वेळा "ते ऑईल लाइफटाइम असते" एवढेच उत्तर मिळाले. आयुष्य नेमके कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे विचारायचे त्या वेळी मला सुचले नाही.

तक्रार सुरू झाली ती गगनबावड्याच्या रस्त्यावर. ताशी 60 ते 70 किलोमीटरच्या वेगात, ॲक्सिलरेटरवर हलका पाय असताना, गाडी रम्बलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर थरथरायची आणि पाय थोडा दाबला की पुन्हा शांत व्हायची. टायर बॅलन्सिंग झाले, इंजिनाचे माउंटिंग तपासून झाले, तरी थरथर जाईना. शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या गॅरेजचा पत्ता एका मित्राने दिला. फलक लहान आहे, गल्ली अरुंद आहे आणि बाहेर लेथचा आवाज दिवसभर चालू असतो, त्यामुळे पहिल्या नजरेत विश्वास बसेल अशी ही जागा नव्हे.

विश्वास बसला तो मिस्त्रींच्या प्रश्नांमुळे. त्यांनी बोनेट उघडण्याआधी गाडी स्वतः चालवून पाहिली, शेजारच्या सीटवर स्कॅनर घेऊन मला बसवले, आणि थरथर येते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची शक्ती ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक लागलेला असतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडलेले असतात, हे पडद्यावर दाखवून दिले; म्हणजे संशय गिअरबॉक्सच्या ऑईलवर होता. मग त्यांनी विचारले की गाडी पाण्यातून किती खोलीपर्यंत नेता, आणि चिखलात फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) लावता की फोर-हायवरच (चारही चाके नेहमीच्या गिअरमध्ये) ओढत राहता. मी प्रामाणिकपणे सांगितले की फोर-लो म्हणजे गाडी रुतल्यावरच लावायची गोष्ट अशी माझी समजूत होती. त्यावर ते हसले नाहीत, पण त्यांनी जे समजावले ते मला दहा वर्षांपूर्वी कळायला हवे होते. अवजड गाडी चिखलातून किंवा चढावर अगदी हळू चालते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटलेला असतो, इंजिनाची बरीचशी शक्ती त्यातील ऑईल घुसळण्यात खर्च होते आणि ती उष्णता होऊन ऑईलमध्येच उतरते. फोर-लोमध्ये तेच काम कमी घुसळणीत होते, म्हणून ऑईल तुलनेने थंड राहते. त्यातच रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला असेल तर ऑईल थंड करणारा कूलरही अर्धाच चालतो. तेव्हा हमरस्त्यावरच्या गाडीचे 1,12,000 किलोमीटर आणि आमच्या गाडीचे 1,12,000 किलोमीटर एकाच मापाने मोजता येत नाहीत.

कामाचे दोन पर्याय त्यांनी मांडले. पहिला म्हणजे चेंबरचा (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या तबकाचा) नट उघडून जेवढे ऑईल गळेल तेवढेच बदलायचे. त्यात या गिअरबॉक्समधील सुमारे 10 ते 11 लिटरपैकी जेमतेम 3 लिटर निघते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहते. दुसरा म्हणजे चेंबर उतरवून आतली जाळी, म्हणजेच फिल्टर, बदलायची आणि नंतर कूलरच्या परतीच्या नळीतून जुने ऑईल टप्प्याटप्प्याने बाहेर काढत तितकेच नवे भरायचे. दाब देऊन धुणाऱ्या मशीनबद्दल मी विचारले तेव्हा त्यांनी ते आपल्याकडे नाही आणि असते तरी इतक्या वर्षांच्या गिअरबॉक्सवर वापरले नसते, असे स्पष्ट सांगितले. या मुद्द्यावर जाणकारांतही मतभेद आहेत, परंतु गिअरबॉक्सचा स्वतःचाच पंप हे काम करू शकत असताना बाहेरून दाब देण्याची गरज काय, हा त्यांचा युक्तिवाद मला पटला. मी दुसरा पर्याय निवडला.

ऑईल टोयोटाचे डब्ल्यूएस प्रकारचेच हवे, यावर ते ठाम होते. हे ऑईल जुन्या टी-फोर प्रकारापेक्षा पातळ असते आणि दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालते" असे लिहिलेले स्वस्तातले डबे बाजारात मिळतात, पण ते त्यांनी दुकानातही ठेवलेले नव्हते. ऑईल, जाळी, तिची ओ-रिंग (जोड बंद करणारी रबरी कडी), चेंबरचे पॅकिंग आणि नटांचे वॉशर, असा सगळा माल मागवून झाल्यावरच त्यांनी तारीख दिली.

कामाच्या दिवशी मी सकाळी आठला पोहोचलो आणि संध्याकाळी सहापर्यंत तेथेच स्टुलावर बसून होतो. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर सपाट उचलली गेली. खालचा लोखंडी गार्ड उतरवल्यावर त्यावर साठलेली वाळलेली तांबडी माती दोन घमेली भरली, आणि त्यातला काही भाग माझ्या डोक्यावर पडला, हे नमूद करायला हवे. मिस्त्रींनी चेंबरभोवतीचा सारा भाग आधी ब्रशने आणि मग हवेने साफ करून घेतला, कारण उघड्या गिअरबॉक्समध्ये मातीचा एक कणही जायला नको.

त्यानंतर त्यांनी ऑईल सोडण्याचा नट न उघडता बाजूचा, भरण्याचा नट आधी उघडला. हा क्रम मला उलटा वाटला. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, खालचं आधी सोडलं आणि वरचा नट जाम निघाला, तर गाडी टो करूनच न्यावी लागंल." माझ्या दृष्टीने या गॅरेजची निम्मी परीक्षा तेथेच झाली.

बाहेर आलेले ऑईल नव्यासारखे लाल नव्हते; ते जवळजवळ काळपट तपकिरी झाले होते, मात्र त्याला जळकट वास नव्हता. केवळ रंगावरून निदान करू नये, असे ते वारंवार सांगत होते. त्यांनी ऑईल बोटांमध्ये चोळून पाहिले, पाणी मिसळून दुधाळ झाले आहे का ते उजेडात पाहिले, आणि मग मोजपात्रात ओतून 3.1 लिटरची नोंद वहीत केली. पाण्याची भीती निराधार नव्हती. तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि बाहेरचे पाणी श्वासनळीतून (गिअरबॉक्समधील हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीतून) किंवा सीलमधून आत ओढले जाऊ शकते. आमच्या गाडीच्या श्वासनळीचे तोंड चिखलाने निम्मे बुजलेले निघाले. ते साफ करून देण्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

चेंबर उतरल्यावर आतल्या लोहचुंबकांवर करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ थर होता. हा नेहमीच्या झिजेचा बारीक कीस असतो आणि त्याने घाबरण्याचे कारण नसते. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे मिळाले असते तर ऑईल बदलण्याचे काम तेथेच थांबवून गिअरबॉक्स उघडण्याची चर्चा करावी लागली असती. मिस्त्रींनी तो थर पांढऱ्या कापडावर पुसून मला दाखवला, आणि ते कापड घडी करून एका पिशवीत घालून दिले. ते आमच्या घरात कोठे ठेवावे यावर अद्याप एकमत झालेले नाही.

ज्याला आपण फिल्टर म्हणतो तो येथे इंजिनाच्या ऑईल फिल्टरसारखा कागदी नसतो. ती पंपाच्या तोंडाशी बसवलेली धातूची जाळी असते, आणि तिचे काम मोठे कण पंपापर्यंत जाऊ न देणे एवढेच आहे. म्हणून ती धुऊन पुन्हा लावणारेही अनेक जण आहेत. आमची जाळी फारशी तुंबलेली नव्हती, आणि ती बदलली नसती तरी चालले असते असे मिस्त्रींनी स्वतःहून कबूल केले. हा प्रामाणिकपणा मला बिलाच्या रकमेपेक्षा मोलाचा वाटला. मात्र जाळी काढताना जुनी ओ-रिंग वरच्या भोकातच चिकटून राहिली होती. ती तशीच राहून नवी जाळी नव्या ओ-रिंगसह वर दाबली गेली असती, तर जोड नीट बसला नसता आणि पंपाने ऑईलबरोबर हवाही ओढली असती. बॅटरीच्या उजेडात ती शोधून काढायला त्यांना दोन मिनिटे लागली.

पॅकिंगच्या बाबतीत माझी एक शंका होती, कारण आमच्याकडे प्रत्येक जोडाला सिलिकॉन फासण्याची सवय आहे. येथे चेंबरला सिलिकॉन अजिबात लावले गेले नाही. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला निघून त्याचे तुकडे सुटले तर ते ऑईलबरोबर फिरतात. चेंबरचे वीसेक छोटे बोल्ट आमनेसामनेच्या क्रमाने, लहान टॉर्क पान्याने, 5 न्यूटन-मीटरपेक्षाही कमी जोराने आवळले गेले. एवढ्या हलक्या हाताने आवळलेले गळणार नाही का, असे कोणालाही वाटेल, पण जोर लावला की पत्र्याचा चेंबर वाकतो आणि मग खरोखरच गळतो.

यानंतरचा भाग सर्वांत लांबला आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होता. हातपंपाने ऑईल भरून झाल्यावर कूलरची परतीची नळी सोडून तिचे तोंड मोजपात्रात ठेवले, इंजिन सुरू केले, 2 लिटर बाहेर पडताच बंद केले आणि नवे 2 लिटर भरले. चौथ्या फेरीला नळीतून लाल ऑईल येऊ लागले. एवढ्यावर गाडी खाली उतरवून किल्ली हातात देणारी गॅरेजेस मी पाहिली आहेत. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. पातळी पाहण्यासाठी चेंबरच्या तळाशी एक वेगळा नट असतो, आणि तो इंजिन चालू असताना, गाडी अगदी सपाट असताना, गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवून पुन्हा पी (पार्किंग) वर आणल्यावर, ऑईलचे तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच उघडायचा असतो. ऑईल तापले की फुगते. म्हणून गरम असताना पातळी लावली तर ते कमी भरले जाते, आणि फार थंड असताना लावली तर जास्त. कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतात. जास्त झाले तर ते फिरत्या भागांनी घुसळून फेसाळते.

आमच्या गाडीचे ऑईल तोवर स्कॅनरवर 63 अंश दाखवत होते. मिस्त्रींनी इंजिन बंद केले, बोनेट उघडे ठेवले आणि ते जेवायला गेले. दीड तासाने 40 अंशांच्या खाली उतरल्यावर इंजिन पुन्हा सुरू झाले, आणि तापमान 45 च्या आसपास येताच नट उघडला. काहीच आले नाही. बाजूने 400 मिलिलिटर भरल्यावर आधी धार लागली, ती बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली, आणि त्या क्षणी नट बंद करून 20 न्यूटन-मीटरला आवळला गेला. तापलेल्या ऑईलवर घाई केली असती तर गाडी याहूनही कमी ऑईलवर घाटात गेली असती. तापमानाची मर्यादा गिअरबॉक्सनुसार बदलते, म्हणून आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडाच धरावा.

आता तक्रारी. ठरलेली तारीख एकदा पुढे ढकलली गेली आणि ती मला आदल्या रात्री उशिरा कळवण्यात आली. ग्राहकाला बसायला जागा नाही, आणि स्वच्छतागृहासाठी शेजारच्या कारखान्यात जावे लागते. मजुरी 4,500 रुपये घेतली, ती कामाच्या मानाने रास्त आहे, पण बिलावर फक्त "गिअर ऑईल काम" असे लिहिले. वहीत ज्या नोंदी इतक्या काळजीने केल्या होत्या त्यांतली एकही त्यावर नाही, आणि गाडी विकताना मला त्या नोंदीच दाखवाव्या लागणार आहेत. मी मागितल्यावर त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, तोही थोडा हललेला. याउलट, उरलेले दोन न उघडलेले डबे परत घेऊन त्यांची पूर्ण किंमत वजा केली.

त्यानंतर गाडी 1,800 किलोमीटर चालली आहे. त्यात करूळ घाट दोनदा आणि आजऱ्याच्या बाजूचे चिखलाचे रस्ते एकदा झाले. थरथर पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये एकदोनदा पुसटशी जाणवली आणि मग थांबली. सकाळी थंड गाडीत दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना बसणारा धक्काही कमी झाला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. मिस्त्रींनी तो पूर्ण जाईल असे आश्वासन मुळात दिलेच नव्हते. चेंबरखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवले, तर त्यावर एक थेंबही पडलेला नव्हता. ट्रान्सफर केस (शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा भाग) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलची (डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरांची) ऑईले बदलायची राहिली आहेत, त्यासाठी पावसाळा संपल्यावरची तारीख घेतली आहे. या वेळी बिल कसे लिहायचे ते मी कागदावर लिहूनच नेणार आहे.