नेट गेल्यावर फाइल उघडली पाहिजे : स्टुडिओसाठी क्लाउड वापरल्यानंतरचा अनुभव

क्लाउडचा, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचा, वर्षाचा प्लॅन या महिन्यात संपतोय आणि मी तो पुन्हा भरणार नाही. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. खेड्यात राहून लग्नाच्या ऑर्डरी घेणारे बरेच जण असे प्लॅन घेतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

किंमत आणि जागा यांवर माझा राग नाही. राग आहे तो फाइलसमोरच्या ढगाच्या खुणेवर. ही खूण दिसली की समजायचं, फाइल कॉम्प्युटरवर नाही, नुसतं नाव आणि छोटं चित्र आहे. क्लिक केल्यावर ती नेटवरून उतरते. डिस्कवर जागा वाचावी म्हणून केलेली ही सोय गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स सगळीकडे आहे. नेट कधी जातच नाही अशा ठिकाणी ती चांगलीच. आमच्याकडे रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की दोन-दोन दिवस काही खरं नसतं.

मे महिन्यात नवरीकडची मंडळी अल्बमचे फोटो निवडायला भरउन्हात एसटीनं आली. लाइट नव्हती, नेटही नव्हतं, पण इन्व्हर्टरवर पीसी चालू होता. फोल्डर उघडला, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो छोटे-छोटे दिसत होते. एकावर क्लिक केलं की गोल फिरायचं आणि एरर. नवरीची मावशी म्हणाली, "भाऊ, फोटो त दिसून रायले, मंग मोठे काऊन नाही होऊन रायले?" काय सांगणार? मंडळी चहा पिऊन परत गेली. गिऱ्हाइकाची एक चक्कर वाया गेली की गावात त्याची चर्चा चार घरी होते.

कंपनीला चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, इंटरनेट कनेक्शन तपासा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी एकानं फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या डिव्हाइसवर ठेवा' करायला सांगितलं. तसं केल्यावर फाइली उघडू लागल्या हे खरं. पण ही सेटिंग सुरुवातीलाच का विचारत नाहीत? पैसे भरणाऱ्या माणसाला त्याची फाइल कुठे आहे हे आधी कळायला नको?

दुसरी अडचण अपलोडची. कॅमेऱ्याचं 64 जीबीचं भरलेलं कार्ड 20 एमबीपीएसच्या अपलोडनं चढवायला सात तास लागतात, तेही लाइट आणि नेट दोन्ही टिकले तर. मोबाइलच्या रोजच्या 2 जीबीवर तेच काम महिनाभर चालेल. फुकटच्या जागेचं तर बोलूच नका. गूगलचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, फोटोंची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. 24 मेगापिक्सलच्या रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघणाऱ्या मूळ, मोठ्या फाइली) त्यात पाचशेच्या आसपास बसतील. एवढे तर एकट्या हळदीत होतात.

मग सिंकथिंग टाकलं, म्हणजे दोन मशीनवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे (कोड सगळ्यांना खुला), आणि मधे कुठल्याही कंपनीचा साठा नाही. तुमच्याच दोन मशीन एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला माझं मत वाईट होतं. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असाव्या लागतात, आणि भारनियमनात स्टुडिओत लाइट असली की घरी नाही. हे काही आपल्या कामाचं नाही, असंच वाटलं.

मत बदललं ते फायबर तुटली तेव्हा. बाहेरचं नेट बंद, पण राउटर इन्व्हर्टरवर चालू होता. माझ्या पीसीवर टाकलेलं कार्ड भावाच्या एडिटिंगच्या पीसीवर आपोआप जात होतं! एका राउटरवर असलेल्या मशीनना इंटरनेट लागतच नाही. वायफाय सोडून लॅन केबल टाकली, तर आता मोठं कार्डसुद्धा जेवण होईस्तोवर पोहोचतं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर रात्री लाइट असेल तेव्हा तिसरी कॉपी जाते.

एक मात्र नक्की करा. सिंक म्हणजे बॅकअप नाही. भावानं तिकडे फोल्डर उडवला तर इकडचाही उडतो. यातलं फाइल व्हर्जनिंग, म्हणजे बदललेल्या किंवा उडवलेल्या फाइलची जुनी प्रत राखणं, मुळात बंद असतं. ते प्रत्येक मशीनवर स्वतः चालू करावं लागतं. मी 'ट्रॅश कॅन' लावलंय, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून उडवलेली फाइल इथे वेगळ्या फोल्डरात राहते. शिवाय अल्बम हाती देईपर्यंत एक्स्टर्नल हार्ड डिस्क कपाटात असतेच.

क्लाउड पूर्ण सोडलेलं नाही. नागपूरच्या लॅबला अल्बमच्या तयार शीट पाठवायला लिंक लागतेच. 12 बाय 36 इंची जेपीजी शीट फुकटच्या जागेत मावते. लॅबनं उतरवून घेतली की काढून टाकतो.

मोबाइलवर मात्र गैरसोय आहे. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं, दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती टाकावी लागते. ती माझ्या फोनवर बॅटरी सेव्हर मधेच बंद पाडतो, म्हणून मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मी अजून डेटा केबलनंच उतरवतो.